बाबांचा भोंगा, आत्याचा धवला

आमच्या घरात कामाच्या वस्तू कमी आणि अजब वस्तूच जास्त, असं आई नेहमी म्हणायची, आणि ती काही खोटं बोलत नव्हती. ओटीवरच्या भिंतीत एक मोठं फडताळ होतं. दुसऱ्यांच्या घरी अशा फडताळात लोणच्याच्या बरण्या असतात. आमच्याकडं त्यात विहिरीला सुरुंग लावताना निघालेला एक दगड होता, बाहेरून काळा कुळकुळीत आणि आत पांढऱ्या-हिरवट खड्यांनी गच्च भरलेला. अजगराची डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड कात होती. ती बाबा पाहुण्यांसमोर पसरायचे, मग पाहुण्यांना पाय कुठं ठेवायचे ते कळायचं नाही. नांगराच्या फाळाला अडकून वर आलेली शिवराई होती, धनेश पक्ष्याची वाकडी चोच होती, आणि सगळ्यांत वर, लाल फडक्यात गुंडाळलेला, चावी फिरवून लावायचा फोनो होता. माथेरानच्या कुठल्याशा बंगल्यातलं सामान विकायला निघालं तेव्हा बाबा तो डोक्यावर घेऊन नेरळपर्यंत चालत उतरले होते. घरात मिठाचा खडा नव्हता आणि हे फोनो घेऊन आले, हे आईनं आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की तो दिवस मी बघितलाय असंच मला वाटतं. मी तर तेव्हा जन्मलेही नव्हते.

बाबांना नवल बघायचा नाद होता, दुसरं काही नाही. भाताची शेती होती, दोन बैल होते, पण जीव सगळा त्या फडताळात. कोणी सांगितलं की अमक्या वाडीत दोन तोंडांचं केळफूल आलंय, की निघाले बघायला. आई म्हणायची, "जा, आनि येताना घर कुठं हाय ते इचारत या." तर अशा माणसाच्या हाती जेव्हा खरोखरीचा लाऊडस्पीकर लागला, तेव्हा त्याचं काय झालं असेल याचा विचार करा. ट्रकच्या बॅटरीवर चालणारं मशीन, तबकड्या लावायची पेटी, एक माईक, आणि आमच्या रांजणाएवढा तोंडाचा पत्र्याचा भोंगा. आजूबाजूच्या गावांत तसला भोंगा कुणाकडंच नव्हता. लग्न, बारसं, सत्यनारायण, काही असो, बाबा भोंगा झाडाला टांगायचे, पिन बदलायचे, तबकडीवर फुंकर मारायचे आणि सिनेमातली गाणी सगळ्या खोऱ्याला ऐकवायचे. लोक त्यांना दामू भोंगेवाला म्हणू लागले. ते त्यांना आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू. शाळेत मी भोंगेवाल्याची पोरगी होते आणि ते काही कमी नव्हतं.

आता आत्याचं सांगते, कारण हे प्रकरण खरं तिचंच आहे. यशोदा तिचं नाव, बाबांची मोठी बहीण. तिला पळसदरीला दिली होती. नवरा लवकर गेला, पोर नव्हतं, मग ती आमच्याकडं परत आली ती कायमची. उंच, काळीसावळी, काष्ट्याचं लुगडं, आणि हात सतत कशात तरी गुंतलेले. वाल सोलतेय, तांदूळ पाखडतेय, नाहीतर माझी वेणी इतकी घट्ट घालतेय की डोळे बारीक व्हायचे. बोलायला कमी, पण जे बोलेल ते चिमटा काढल्यासारखं. आणि ती धवलारीण होती. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं म्हणून सांगते: आमच्या आगरी लोकांत पूर्वी लग्न लावायचं ते धवलारणीनं. मांडवाची मेढ रोवण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्या गाण्यांना धवला म्हणायचं, आणि तो गाऊन झाल्याशिवाय विधी पुरा होत नसे. पुस्तक नाही, पोथी नाही, सगळं तोंडपाठ. एक बाई ओळ सोडणार आणि दुसरी ती झेलणार.

आणि आणखी एक गोष्ट, जिचा मला आजही फार अभिमान वाटतो. दुसरीकडं विधवा बाईला लग्नकार्यात मागं सारतात, हळदीकुंकवाच्या वेळी ती आपण होऊन स्वयंपाकघरात जाऊन बसते. आमच्या गावांत माझी विधवा आत्या मांडवाच्या मधोमध पाटावर बसायची आणि पाटील असो नाहीतर सावकार, सगळे तिच्या सांगण्यानं उठायचे-बसायचे. "यसूबाय, आता काय करायचं?" असं नवरदेवाचा बाप तिला विचारायचा. धवला होता म्हणून ती जागा होती. धवला गेला असता तर तीही चुलीपाशीच गेली असती. हे तिला माहीत होतं, आईला माहीत होतं. बाबांना मात्र ठाऊक असूनही कधी सुचलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष भोंग्यात.

भोंगा आल्यापासून धवला हळूहळू आखडत चालला होता. लोकांना गाणी हवी असायची. आत्या ओळ सोडायची आणि वरून भोंग्यातून कुणी नटी नाचायला लागायची. आत्या गप्प बसून तबकडी संपायची वाट बघायची, मग पुन्हा सुरू करायची, तोवर दुसरी तबकडी लागायची. भाऊ झाडाखाली मशीनशी आणि बहीण मांडवात, असं कितीतरी लग्नांत झालं. घरी आल्यावर बाबा हसत विचारायचे, "यशे, आज गानी कशी वाजली?" आणि आत्या म्हणायची, "वाजली बाबा. मी पन होतं तिथं." बाबांना त्यातलं काही कळायचं नाही. आई मात्र भाकरी थापता थापता थांबायची आणि बाबांकडं असं बघायची की मी ताट घेऊन बाहेर पळायचे.

मग माझ्या सुमीताईचं लग्न ठरलं. स्थळ नदीपलीकडच्या गावातलं, आमच्या खळ्यातून त्यांचं देऊळ दिसायचं इतकं जवळ. मुलगा चांगला, शांत. त्याचा बाप महादू मुकादम. कागदाच्या कारखान्यात मुकादमी करायचा, मनगटावर घड्याळ, बोलणं तोलून-मापून. माणूस वाईट नव्हता, पण गावातल्या जुन्या गोष्टींची त्याला लाज वाटायची. सुपारी फुटली तेव्हा चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "दामूशेठ, एक सांगतो. आमचे कारखान्यातले सायेब लोक येनार. भटजी आमी आनतो. मंगलाष्टका, अक्षता, की झालं. तो धवला-बिवला नको. दिवसभर चालतो नि कुनाला काय कळत नाय. तुमचा भोंगा लावा मस्त."

आत्या दारात उभी होती, पोह्यांचं ताट हातात घेऊन. आईनं बाबांकडं बघितलं. मी बघितलं. सुमीताईनं खाली घातलेली मान वर केली. आणि बाबा म्हणाले, "हा, चालंल की. त्यात काय."

त्यात काय! त्या दोन शब्दांवरून आईनं बाबांशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण काय हवं नको ते विचारायची नाही. बाबांनी भात मागितला की माझ्याकडं बघून म्हणायची, "मंदे, भोंग्याला इचार भात किती पायजे." आत्यानं मात्र हळकुंडं जात्यावर दळली, तांदूळ निवडले, मिरगुंडं वाळत घातली, मांडवाला आंब्याचे डहाळे कुठून आणायचे ते ठरवलं. घरात नेहमी कामाला बसली की ती धवला गुणगुणायची, ते गुणगुणणं बंद झालं. जात्याचा नुसता घर्रर्र आवाज. मला तो आवाज अजून आठवला की राग येतो. मी बाबांना जाऊन म्हटलंसुद्धा, "आत्या नाय गानार तर मी पन लग्नाला बसनार नाय." बाबा म्हणाले, "अगं, पोरीच्या सासरचं ऐकावं लागतं." ते खरंही होतं, म्हणून तर जास्त राग यायचा.

लग्नाच्या दिवशी सकाळी मांडव भरला. बाबांनी खळ्याकडच्या शेवरीच्या झाडाच्या शेंड्याला भोंगा बांधला. इतक्या उंच त्यांनी तो कधीच बांधला नव्हता. आपल्या लेकीचं लग्न, सगळ्या खोऱ्यानं ऐकलं पाहिजे. वऱ्हाड दुपारी यायचं होतं. मागच्या अंगणात वालाच्या बिरड्याची हंडी चढली होती, नारळाचं वाटण चालू होतं, वडे तळायचा वास सुटला होता, आणि वर तबकडी लागली होती. सुमीताईला आंघोळ घालून पाटावर बसवली. आता तिनं उठून देवाच्या पाया पडायचं आणि आत जायचं. पण ती उठेना. आई म्हणाली, "ऊठ गं." ताई म्हणाली, "आत्यानं देवांना बोलावल्याबिगर मी उठायची नाय."

सुमीताईला तुम्ही ओळखत नाही म्हणून सांगते. तिनं आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. तिच्या वाटणीचा आंबा मी खायचे आणि ती कोय चोखायची. ती हळदीच्या ओल्या अंगानं पाटावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "सगल्या गावच्या पोरींच्या लग्नाला देव आले. माझ्याच लग्नाला नकोत काय?" बायका कुजबुजायला लागल्या. कोणीतरी बाबांना बोलावून आणलं. बाबांनी पोरीकडं बघितलं, बहिणीकडं बघितलं, खिशातून रुमाल काढून उगाच तोंड पुसलं. मग म्हणाले, "यशे, वऱ्हाड यायला टाइम हाय. तेवढं देवांचं उरकून घे."

"उरकायचं नसतं रं ते," आत्या म्हणाली. पण ती पदर खोचून पाटावर येऊन बसली.

आणि इथं बाबांच्या अंगातला नवलवाला जागा झाला. मनात खंत होती, ती बोलून दाखवता येत नव्हती, मग त्यांनी त्यांच्यापाशी जे सगळ्यांत मोलाचं होतं ते आणून बहिणीपुढं ठेवलं. ते पळत गेले, तबकडीवरची पिन उचलली, आणि माईक घेऊन आले. "यशे, यात गा."

आत्यानं माईककडं बघितलं. "कशाला? देव काय भैरे हायत?"

"भैरे नायत गं," बाबा म्हणाले, "पन मधी हायवे हाय ना. ट्रकांच्या आवाजात त्यांना कसं आयकू जाईल?"

सगळा मांडव हसला. आत्याही हसली, किती दिवसांनी. पण तिची ओळ झेलणारी ठमीआजी माईक बघून उठलीच. आवाज त्या पेटीत जातो तो परत येत नाही, असं तिचं म्हणणं. ती जाऊन वालाच्या हंडीपाशी बसली. मग झेलणार कोण? आत्यानं माझ्याकडं बघितलं. "ये गं मंदे. तुला येतंय सगलं. चोरून गातंस ते मला ठावं हाय." मला वाटायचं ते कुणाला माहीतच नाही. मी तिच्या मांडीला मांडी लावून बसले आणि आत्यानं पहिली ओळ सोडली.

देवांना बोलवायचा धवला असा असतो की आधी आपली गावदेवी, मग शेजारचं गाव, मग त्याच्या पलीकडचं, असं खोऱ्याला वळसा घालत जायचं. एकही देव वगळायचा नाही, वगळला तर तो रुसणार. आणि प्रत्येकीला म्हणायचं:

ये गं ये गं आई, लेकीच्या लगना ये,
लेकुरवाळी ये गं, गाव घेऊन ये.

आत्याचा आवाज मी जन्मापासून ऐकत आले होते. पण तो शेवरीच्या शेंड्यावरून, सगळ्या शेतांवरून, नदीवरून जाताना मी कधी ऐकला नव्हता. जाडसर, किंचित खरखरीत, आणि कुठंही घाई नाही. आमची गावदेवी झाली, कुंभिवलीची झाली, टेकडीखालच्या वाडीचा वाघोबा झाला, नदीपलीकडची आई झाली. मी झेलत होते आणि माझा आवाज तिच्या मागून भोंग्यातून जात होता. बाबा मशीनपाशी उकिडवे बसले होते. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. अख्ख्या खोऱ्यातलं नवल शोधत हिंडलेला हा माणूस, आणि त्याच्या घरातच हे होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. मला त्या क्षणी आत्याचा इतका अभिमान वाटला की एक ओळ झेलायची राहून गेली, तेव्हा आत्यानं मांडीला कोपर मारलं.

धवला संपला, ताई उठली, देवाच्या पाया पडली. सगळं सुरळीत झालं असं वाटलं. बाबांनी पुन्हा तबकडी लावली.

आणि थोड्या वेळानं बांधावरून माणसं येताना दिसली. पुढं पांढरा फेटा बांधलेला एक म्हातारा, मागं डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, त्यांच्या मागं पोरं. आई मागच्या अंगणातून हात पुसत आली. "अगं बाय! ही कुनाची वरात?"

म्हातारा मांडवाच्या दारात येऊन थांबला. "राम राम. आमी कुंभिवलीचे. आमच्या आईला बोलावलंत ना? आयकलं आमी. गाव घेऊन ये, असं बोल्लात. म्हनून गाव घेऊन आलो."

बाबांनी आ वासला. आजवर शेकडो लग्नांत हीच ओळ गायली गेली होती, पण मांडवापुरती. देव ऐकत असतील नसतील, शेजारच्या गावानं ती कधी ऐकली नव्हती. आता भोंग्यानं ती घरोघर पोचवली होती, आणि आमची साधी माणसं! ज्या गावच्या देवीला इतक्या मानानं, सगळ्या खोऱ्यादेखत बोलावणं गेलं, त्या गावानं घरी बसून राहायचं म्हणजे देवीचाच अपमान. म्हातारा बोलतोय तोवर टेकडीखालच्या वाडीचे लोक खळ्यात उतरले. त्यांच्यामागं आणखी कुणी. ज्या बांधावर बघावं त्या बांधावर माणसं.

आईनं बाबांचा दंड धरला. लग्न ठरल्यापासून ती पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली. "तुमचा भोंगा शिजवा आता! तांदूळ किती हायत ठावं हाय?" बाबांची पाचावर धारण बसली. वऱ्हाडाची वेळ होत आली होती, हंडीत आमच्यापुरतं आणि वऱ्हाडापुरतं अन्न. पहिल्याच लग्नात व्याह्यासमोर ताटं कमी पडली असती तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. ते धावत मशीनकडं गेले, माईक हातात घेतला. चूक झाली, माफी असावी, असं काहीतरी ते सांगणार होते.

आत्यानं त्यांच्या हातातून माईक काढून घेतला. "बोलावलेल्या देवाला दारातून माघारी धाडतोस? मी बोलावलंय. तू तुझं यंत्र सांभाळ."

ती कळशी घेऊन मांडवाच्या दारात गेली. म्हाताऱ्याच्या पायांवर पाणी घातलं. टोपलीवाल्या पहिल्या बाईचं ओझं स्वतः उतरवून घेतलं. टोपलीत नारळ होता, आणि त्याखाली तांदूळ. दुसऱ्या टोपलीत मोड आलेले वाल. तिसरीत तांदूळच. आई बघत राहिली. "आगं, हे कशाला?" कुंभिवलीची बाई म्हणाली, "आमची आई रिकाम्या हातानं जाईल काय लगनाला?" मागून आलेल्या वाडीवाल्यांच्या टोपल्यांत तेच. कुणी काकड्या आणल्या होत्या, कुणी ताकाचा घडा. आत्या प्रत्येक गावच्या बाईला म्हणत होती, "या, तुमची आई तिथं बसवा," आणि मांडवाच्या एका बाजूला नारळांची रांग लागत होती.

मग जे सुरू झालं ते कामकाज मी नंतर कुठल्याच लग्नात बघितलं नाही. शेतं वैशाखाची, कोरडी ठणठणीत. पुरुषांनी ढेकळं बाजूला करून चर खणले, त्यांवर हंडे चढले. ठमीआजी, जी माईकला घाबरून पळाली होती, ती आता पदर कमरेला खोचून दुसऱ्या गावच्या बायांवर ओरडत होती, "मीठ मी टाकनार, कोनी हात लावायचा नाय!" वाटणाचे पाटे कमी पडले तेव्हा खळ्यातल्या सपाट दगडांवर वाटण झालं. ही बाई त्या गावची आणि ती या गावची, पण वाल सोलताना कोणाची कोण सून, कोणाची कोण नणंद, सगळी नाती निघाली. आता मी शेलूला राहते, तिथं आमच्या सोसायटीत परवा एक हळद झाली, कॅटरर आला, प्लेटा मोजून दिल्या, शेजारच्या मजल्यावरच्या बाईनं दार लावून घेतलं. मी मनात म्हटलं, बाई गं, तुला आमच्या खळ्यात आणून बसवायला हवं होतं.

वऱ्हाड टेंपोतून आलं. महादू मुकादम पुढं बसलेला, मांडीवर कोट घडी करून ठेवलेला, शेजारी भटजी. टेंपो वळणावर आला आणि थांबला, कारण पुढं रस्ताच दिसेना, माणसंच माणसं. मुकादम खाली उतरला आणि जागच्या जागी उभा राहिला. कारण मांडवाच्या पहिल्या पंगतीत त्याच्याच गावचे लोक बसले होते. त्यानं वऱ्हाडात निवडक माणसं आणली होती, कारखान्यातली, नात्यातली, कपडे नीट असलेली. बाकी गावाला बोलावलंच नव्हतं. ते बाकी गाव नदीतून चालत, धोतरं वर करून, त्याच्या आधी येऊन बसलं होतं. आणि सगळ्यांच्या पुढं त्याचा सख्खा चुलता, ज्याच्याशी त्यानं बांधाच्या भांडणावरून बोलणं टाकलं होतं.

"ही कुनाची करामत?" मुकादम म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण चेहरा लाल झाला होता. भोंगा बंद. बाबा पुढं व्हायला लागले.

आत्या त्यांच्या आधी पुढं झाली. "माझी. मी तुमच्या गावदेवीला बोलावलं."

"मी धवला नको बोल्लो होतो."

"व्हय. बोल्ला होतात."

एवढंच. ती ना माफी मागत होती ना भांडत होती. हात कोपरापर्यंत वालाच्या पाण्यानं ओले, तशीच उभी. सुमीताई आतल्या दाराला धरून बघत होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. मुकादमानं टेंपोकडं मान वळवली. आता हा परत जातो, आणि ताईचं लग्न मोडलं ते आमच्या आत्यामुळं असं जन्मभर बोललं जाणार.

तेव्हा पंगतीतून चुलता उठला. म्हातारा माणूस, गुडघ्यावर हात टेकत उठला. "महाद्या," तो म्हणाला, "तुला मी लगनाला नको होतो. आपल्या गावच्या आईला पायजे होतो. तिनं बोलावल्यावर मी कसा ऱ्हाऊ घरात?"

मुकादमानं घड्याळ बघितलं, म्हणजे नुसतीच नजर तिथं नेली. मग तो गेला आणि चुलत्याच्या पायाशी वाकला. चुलत्यानं त्याची पाठ थोपटली ती अशी, की धप्प आवाज आला. मांडवात सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मुकादम सरळ झाला, आत्याकडं वळला, आणि डोळे टिपून म्हणाला, "यसूबाय, देवांना बोलावलंत, मग पुढचं कोन करनार? होऊ द्या पुरं."

आत्या पाटावर बसली, बाबांनी माईक पुढं धरला. भटजीबुवा चांगले होते, सरबत पिऊन झाल्यावर त्यांनीही आपल्या मंगलाष्टका म्हटल्या. पण लग्न लावलं ते माझ्या आत्यानं, आणि झेलायला मी होते. कारखान्यातले साहेब गर्दीमुळं मांडवाबाहेरच मांडी घालून बसून ऐकत होते, त्यातल्या एकानं बाबांना विचारलं की ही कुठली तबकडी, आम्हाला मिळेल का. बाबांनी त्याला मांडवात आणून आत्या दाखवली. वाढता वाढता पंगती उन्हं उतरेपर्यंत चालल्या आणि अन्न उरलं. आईनं उरलेलं गावोगावच्या टोपल्यांत भरून परत दिलं, आणि बाबांना वाढताना विचारलं, "अजून भात पायजे?" बाबांनी पायजे म्हटलं. ते नको म्हणायच्या मनःस्थितीत नव्हतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव अजून उभा होता. बाबा ओटीवर भोंग्याच्या आतली धूळ पुसत बसले होते, मी केर काढत होते, आत्या आत चुलीपुढं होती. टेकडीपलीकडच्या गावचा एक गृहस्थ सायकलवरून आला. त्याच्या मुलाचं लग्न होतं. काल भोंग्याचा आवाज त्यांच्याही गावापर्यंत आला होता. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "दामूशेठ, आमाला तुमचा भोंगा पायजे."

बाबांनी फडकं खाली ठेवलं. भोंगा मागायला कुणी आलं की ते लगेच उठून तारीख विचारायचे, तबकड्या काढून दाखवायचे. त्या दिवशी ते जागचे हललेसुद्धा नाहीत.

"भोंगा आता एकटा जात नाय," ते म्हणाले. "माझी बहीन आत हाय. तिला इचारा, ती येती का."

त्या माणसानं चपला काढल्या आणि तो आत गेला.